कोळशाची प्रत कुठे मोजायची?

भारताचा कोळसा हलक्या प्रतीचा आहे, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा बोलले जाते की त्यापुढे विचार करण्याची गरज कुणाला भासत नाही. वीज महागली, आयात वाढली, राखेच्या तलावाचा बंधारा फुटला, की दोष कोळशाच्या प्रतीवर टाकून चर्चा संपते. वाक्य खोटे नाही, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. जमिनीखाली कोळसा जसा आहे तसा आहे, ही पहिली गोष्ट. खाणीत त्या कोळशावर जी श्रेणी लिहिली जाते आणि वीजकेंद्राच्या दारात जी प्रत्यक्ष उतरते त्यांच्यातले अंतर, ही दुसरी. पहिली भूगर्भाने ठरवली आहे आणि तिच्याशी आपले अभियंते गेली कित्येक दशके जमवून घेत आले आहेत. दुसरी माणसांनी आखलेल्या व्यवहाराची आहे आणि बदलता येण्याजोगी आहे. कमी उष्णतेचा कोळसा जाळून नीट वीज करता येते. बेभरवशाचा कोळसा जाळून येत नाही. म्हणून कोळशाची प्रत तो जिथे जळणार तिथे मोजावी आणि पैसे टनांचे न देता उष्णतेचे द्यावेत, असे मला वाटते. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांच्या पुढे गेले आणि आजही देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशावर होते. एवढ्या मोठ्या व्यवहारात मोजमापाची जागा चुकली, तर तिची किंमत प्रत्येक घराला मोजावी लागते.

आधी भूगर्भाकडे पाहू. आपल्या कोळशाचा जवळजवळ सगळा साठा गोंडवाना काळातला आहे. दामोदर, सोन, महानदी, गोदावरी आणि वर्धा या नद्यांच्या खोऱ्यांत पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी हे थर साचले. वनस्पतींचे अवशेष कुजत असताना वाहत्या पाण्याने आणलेली माती आणि बारीक वाळू त्यांच्यात मिसळत गेली. म्हणूनच आपल्या कोळशातली राख केवळ दगडांच्या पट्ट्यांत नाही. ती कोळशाच्या कणाकणांत भिनलेली आहे. वीजकेंद्रांना मिळणाऱ्या कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते, आणि एका किलोतून ३,५०० ते ४,००० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता मिळते. ऑस्ट्रेलियातून न्यूकॅसल बंदरावर जहाजात चढणारा चांगला कोळसा ६,००० किलोकॅलरींचा असतो. मात्र या तुलनेत आपल्या कोळशाचे दोन गुण झाकले जातात. त्यात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का असते. आणि त्याची राख फार उच्च तापमानाला वितळते, त्यामुळे बॉयलरच्या नळ्यांवर तिचा चिकट थर सहसा बसत नाही. हे गुण महत्त्वाचे आहेत, पण ते मर्यादेसह मोजले पाहिजेत. ३,६०० किलोकॅलरींच्या कोळशातले अर्धा टक्का गंधक हे उष्णतेच्या हिशेबाने ६,००० किलोकॅलरींच्या कोळशातल्या सुमारे ०.८ टक्के गंधकाइतके भरते, कारण तेवढ्याच विजेसाठी कोळसा जास्त जाळावा लागतो. कोणताही आकडा टनाशी न जोडता उष्णतेशी जोडला की चित्र कसे पालटते, याचे हे पहिले उदाहरण.

राख वीजकेंद्रात काय करते तेही आकड्यांतच पाहावे. एक युनिट वीज तयार करायला २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते असे धरले, तर ३,६०० किलोकॅलरींचा कोळसा ६६७ ग्रॅम जाळावा लागेल. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला की दिवसाला १ कोटी २० लाख युनिटे तयार होतात. म्हणजे रोज ८,००० टन कोळसा. राख ४० टक्के असेल, तर संध्याकाळपर्यंत ३,२०० टन राख. आता कोळशाची उष्णता फक्त ३०० किलोकॅलरींनी, म्हणजे आजच्या मोजपट्टीवर एका श्रेणीने, खाली आली असे समजा. त्याच विजेसाठी रोज सुमारे ७२५ टन कोळसा जास्त लागेल. एका मालगाडीत साधारण ४,००० टन कोळसा मावतो. म्हणजे दर आठवड्याला एका संचासाठी एकाहून अधिक जादा रेक. त्या जादा कोळशाचे दळण, त्याची वाहतूक, त्याची राख आणि ती साठवायची जागा हे सगळे ओघानेच आले. राखेतली कठीण सिलिका दळणयंत्रे आणि बॉयलरच्या नळ्या झिजवते, नळी फुटली की संच बंद ठेवावा लागतो. धुरातली राख पकडणाऱ्या विद्युत यंत्रणेलाही कमी गंधकाच्या धुरातली राख पकडणे अवघड जाते, कारण तिचा विद्युतरोध जास्त असतो. तरीही ही सगळी अडचण आधी माहीत असली तर पेलता येते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा इथले बॉयलर देशी कोळशासाठीच आखलेले आहेत: मोठी भट्टी, सावकाश वाहणारा धूर, राख पकडणारी भली मोठी यंत्रणा. पण ज्या प्रतीसाठी यंत्र आखले ती प्रत रोज वर-खाली होत राहिली, तर कोणत्याच आखणीचा उपयोग होत नाही.

प्रत मोजण्याची आपली पद्धत या प्रश्नाला अनेक वर्षे बगल देत होती. १९७९ पासून बिगर-कोकिंग कोळशाची वर्गवारी ‘उपयुक्त उष्णतामूल्या’वर होत असे. कोळसा प्रत्यक्ष जाळून उष्णता मोजायची नाही. राख आणि ओलावा यांच्या टक्केवारीची बेरीज घ्यायची, तिला १३८ ने गुणायचे आणि ८,९०० मधून ते वजा करायचे. येणाऱ्या उत्तरावरून ए ते जी अशा सात श्रेणी ठरत. प्रयोगशाळा तोकड्या होत्या तेव्हा ही सोय समजण्यासारखी होती. मात्र वीजकेंद्रांना ज्या श्रेणींचा कोळसा मुख्यतः मिळे, त्या खालच्या श्रेणींचे पट्टे फार रुंद होते. एफ श्रेणी २,४०० पासून ३,३६० पर्यंत पसरलेली. राख आणि ओलावा मिळून ४१ टक्के असलेला कोळसा आणि ४६ टक्के असलेला कोळसा, दोन्ही याच श्रेणीत आणि दोन्हींची किंमत सारखी. अशा पद्धतीत खाणीने जास्त काळजी घेऊन दगड वेगळा काढला, तरी तिच्या पदरात काही पडत नाही. आणि पट्ट्याच्या तळाशी घसरून माल दिला, तरी काही जात नाही. प्रत सांभाळण्याचे आर्थिक कारणच या वर्गवारीने काढून घेतले होते.

१ जानेवारी २०१२ पासून ही पद्धत बदलली. कोळसा प्रत्यक्ष जाळून मिळणारी एकूण उष्णता, म्हणजे जीसीव्ही, हा आधार झाला आणि जी-१ ते जी-१७ अशा सतरा श्रेणी आल्या. ७,००० किलोकॅलरींच्या वर जी-१, आणि तिथून खाली प्रत्येकी ३०० किलोकॅलरींचा एक पट्टा. सगळ्यात खालची जी-१७ ही २,२०१ ते २,५०० ची. वीजकेंद्रांना मिळणारा बराचसा कोळसा जी-१० ते जी-१४ या टप्प्यात मोडतो. जगभर कोळशाचा व्यापार उष्णतेवर चालतो, त्या रीतीशी आपण जुळलो, आणि अरुंद पट्ट्यांमुळे फरक लपवणे अवघड झाले. ही सुधारणा खरी आहे, तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण तिने एक जुनी गोष्ट तशीच ठेवली: श्रेणी मुळात खाणीला किंवा तिच्या थराला मिळते. कोळसा नियंत्रकाच्या कार्यालयामार्फत ती वर्षागणिक जाहीर होते आणि विक्रीचा पाया तीच राहते. थरातून काढलेला नमुना आणि शेकडो किलोमीटर दूर वॅगनमधून उतरणारा माल यांच्यामध्ये मात्र खूप काही घडते.

यातला एक भाग निव्वळ भौतिकशास्त्राचा आहे आणि तो प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे. जाहीर श्रेणी ठरवताना कोळशाचा नमुना ४० अंश सेल्सियस तापमानात आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवून त्यातला ओलावा स्थिर होऊ देतात, मग उष्णता मोजतात. प्रत्यक्षातला कोळसा खाणीतले पाणी, धूळ बसवण्यासाठी मारलेले फवारे आणि पावसाळा यांनी भिजलेला असतो. समजा, स्थिर ओलावा ६ टक्के धरून कोळशाची उष्णता ३,९०० किलोकॅलरी भरली; म्हणजे जी-१२. केंद्रावर पोचताना त्याच कोळशात एकूण ओलावा १२ टक्के असेल, तर दर किलोमागे उष्णता सुमारे ३,६५० वर येते, म्हणजे जी-१३. इथे चोरी नाही, भेसळ नाही. मोजण्याचा पाया बदलला म्हणून श्रेणी बदलली. कोळसा कंपन्यांचा पहिला आक्षेप नेमका हाच असतो: घसरण म्हणून जे दाखवले जाते त्यात मोठा वाटा पाण्याचा आहे, त्यासाठी खाणीला का धरायचे? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या म्हणण्याच्या बाजूनेच उभा राहतो. पाणी किती आणि दगड किती हे वेगवेगळे मोजून मांडले, तरच खाणीवर अन्याय होणार नाही आणि दगडालाही पाण्याच्या नावाखाली लपता येणार नाही. कारण उरलेला भाग दगडाचाच आहे. कोल इंडियाचे पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास उत्पादन आता खुल्या खाणींतून होते. मोठी यंत्रे थर खरवडताना मधल्या शेलच्या पट्ट्याही उचलतात. टनांचे लक्ष्य गाठायचे असते तेव्हा पट्टा वेगळा काढायला लागणारा वेळ महाग वाटतो. जिथे सरफेस मायनर वापरून थर पातळ पातळ कापला जातो, तिथे हे काम पुष्कळ नेमके होते. म्हणजे उपाय आहेत. ते वापरणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे.

नमुना घेण्याची अडचण याहून नाजूक आहे. प्रयोगशाळेत बॉम्ब कॅलॉरिमीटर नावाच्या बंद भांड्यात ऑक्सिजन भरून कोळशाची पूड जाळतात. ती पूड असते सुमारे १ ग्रॅम. ४,००० टनांच्या रेकचा निकाल त्या एका ग्रॅमवर लागतो, म्हणजे चारशे कोटी भागांतल्या एका भागावर. वॅगनच्या वरच्या थरातूनच कोळसा उचलला, मोठे ढेकळ टाळले, दळताना किंवा ढिगाचे चार भाग करताना हलगर्जी झाली, तर पुढची सगळी अचूकता वाया जाते. म्हणून भारतीय मानकांनी नमुना कसा घ्यावा, किती बारीक करावा, कसा विभागावा हे ठरवून दिले आहे. तयार नमुन्याचे भाग विक्रेता आणि खरेदीदार या दोघांनाही मिळतात, आणि वाद झाला तर तपासण्यासाठी एक भाग सीलबंद राखून ठेवतात. गेल्या दशकात यात त्रयस्थ संस्था आणण्यात आली. धनबादच्या केंद्रीय खनिकर्म व इंधन संशोधन संस्थेकडे हे काम मोठ्या प्रमाणावर आले. २०१८ मध्ये सरकारने ‘उत्तम’ नावाचे ॲप आणले, ज्यावर जाहीर झालेली आणि प्रत्यक्ष तपासलेली प्रत नागरिकालाही पाहता यावी. ही दिशा योग्य आहे. पण चढवण्याच्या जागी घेतलेला नमुना हा चढवण्याच्या जागेचाच निकाल सांगतो. उतरवण्याच्या जागी पट्ट्यावरून वाहणाऱ्या कोळशातून यंत्राने आपोआप नमुना घेतला, तर माणसाच्या हाताला निवडीची संधी उरत नाही.

या अंतराचा भार शेवटी कोण उचलतो? वीजदर ठरवण्याच्या सूत्रात कोळशाचे उष्णतामूल्य छेदस्थानी असते. ते जितके कमी, तितका प्रत्येक युनिटमागे कोळसा जास्त आणि इंधनाचा खर्च मोठा. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१४ पासूनच्या नियमांत केंद्रावर पोचलेल्या कोळशाचे उष्णतामूल्य धरायला सुरुवात केली, आणि २०१९ च्या नियमांत साठवणुकीतल्या घटीसाठी किलोमागे ८५ किलोकॅलरींची मुभा दिली. त्यामुळे केंद्राच्या आवारात होणाऱ्या घसरणीला मर्यादा आली. पण खाण आणि केंद्र यांच्या दरम्यानची घसरण दरात शिरण्याची वाट मोकळीच राहिली. खाणीला श्रेणी वरची ठरलेली हवी असते, कारण पैसे त्यावर मिळतात. पोचलेला कोळसा हलका ठरला तर केंद्र वाढीव खर्च दरातून वसूल करू शकते, त्यामुळे शेवटपर्यंत भांडण्याची निकड त्याला कमी असते. महावितरणच्या बिलावर ‘इंधन समायोजन आकार’ म्हणून जी ओळ येते, तिच्यात अशा फरकांचा वाटा असतो, आणि ती भरणारा ग्राहक नमुना घेताना तिथे नसतो. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर दोन लिटर दूध घालणाऱ्या शेतकऱ्यालाही दर मिळतो तो त्याच्या समोर मोजलेल्या फॅटवर. गोठ्यात जाहीर केलेल्या फॅटवर कुणी दर मागत नाही आणि देतही नाही. दुधाला जो न्याय आपण सहज लावला, तो देशाच्या सर्वात मोठ्या इंधन व्यवहाराला लावण्यात तत्त्वाची कोणतीच अडचण नाही.

इथे हमखास पुढे येणारा उपाय म्हणजे कोळसा धुणे. पर्यावरण मंत्रालयाने १९९७ मध्ये काढलेल्या आणि पुढे २०१४ मध्ये विस्तारलेल्या नियमांनुसार, खाणीपासून ठरावीक अंतराहून दूर असलेल्या वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा कमी राखेचाच कोळसा वापरायचा होता; मे २०२० मध्ये ही अट काढून टाकण्यात आली. अट काढल्याने राखेचा प्रश्न सुटला नाही, पण अट असतानाही तो सुटला नव्हता, हेही तितकेच खरे. साधे गणित करू. ४० टक्के राखेचा १०० टन कोळसा धुऊन ३४ टक्क्यांवर आणायचा असेल आणि बाजूला पडणाऱ्या मालात ६५ टक्के राख असेल, तर सुमारे ८० टन धुतलेला कोळसा मिळतो आणि २० टनांच्या आसपास टाकाऊ माल उरतो. त्या टाकाऊ मालातही जळण्यासारखा ३५ टक्के भाग असतो. राख कणाकणांत भिनलेली असल्यामुळे आपल्या कोळशात याहून चांगली विभागणी महाग पडते. धुण्याने दगड नाहीसा होत नाही, तो वॉशरीजवळ राहतो. आणि टाकाऊ मालाची नीट नोंद नसेल, तर तोच पुन्हा चांगल्या कोळशात मिसळण्याची भीती राहते. याचा अर्थ धुणे निरुपयोगी आहे असा नाही. विदर्भातून नाशिकजवळच्या एकलहरे केंद्राकडे जाणारा रेक शेकडो किलोमीटर दगडही वाहून नेतो, आणि रेल्वेभाडे टनावर पडते. लांबच्या वाहतुकीत धुण्याचा खर्च निघू शकतो. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्रासाठी सहसा निघणार नाही. नेमके कुठे धुवावे हे सरसकट नियमाने ठरत नाही. दारात उतरलेल्या प्रत्येक हजार किलोकॅलरींमागे काय खर्च आला हे कळले की ते आपोआप ठरते.

दुसरा आक्षेप आयातीचा: बाहेर चांगला कोळसा मिळतो, तर घरच्या राखेत कशाला हात घालायचा? इंडोनेशियाच्या कोळशात राख खरोखरच कमी असते, पण त्यातल्या बऱ्याच मालात ओलावा भरपूर असतो. उष्णतेची मोजणी तिथेही टळत नाही. शिवाय २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर न्यूकॅसलच्या कोळशाचा भाव टनाला ४०० डॉलरच्या वर गेला, आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या केंद्रांना देशी कोळशात आयात कोळसा मिसळण्यास सांगण्यात आले. मिसळण्याची वेळ आली ती मुख्यतः साठा कमी पडला म्हणून. आणि पोचलेला कोळसा एका श्रेणीने खाली असेल, तर आठवडाभराचा साठा अर्ध्या दिवसाहून अधिक काळ आधी संपतो, हे वरच्या हिशेबावरून दिसते. देशी कोळशाची उष्णता भरवशाची असेल, तर आयातीची गरजही नेमकी मोजता येते.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे: सौर आणि पवन ऊर्जा वाढते आहे, कोळशाचे दिवस मोजके उरले आहेत, मग त्याच्या मोजमापावर एवढी शक्ती का घालवायची? कोळसा कमी व्हावा ही इच्छा मलाही मान्य आहे. पण दुपारी सूर्य आणि संध्याकाळी कोळसा अशी विजेची रचना होत असताना कोळशावरच्या संचांना दिवसातून अनेकदा वर-खाली व्हावे लागते. कमी भारावर चालणाऱ्या बॉयलरमध्ये ज्वाला स्थिर ठेवायची, तर कोळशाची प्रत माहीत असणे आणि ती सारखी असणे अधिकच आवश्यक होते. दुसरे म्हणजे राख आजची आहे. देशातल्या वीजकेंद्रांतून वर्षाला तीस कोटी टनांच्या आसपास राख निघते. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने ती पूर्णपणे वापरण्याचे बंधन केंद्रांवर घातले आहे. किती राख येणार हे कोळसा घेतानाच कळले नाही, तर सिमेंट, विटा आणि रस्त्यांसाठी तिचे नियोजन करणार कसे? कोराडी-खापरखेडा परिसरातल्या शेतांना आणि नदीनाल्यांना राखेचा जो त्रास होतो, त्याची सुरुवात राखेच्या तलावात होत नाही. वॅगनमध्ये काय भरले जाते, तिथे होते.

करायचे काय, ते यातून स्पष्ट होते. खाणीची जाहीर श्रेणी नियोजनासाठी असू द्यावी, पण देयक केंद्राच्या दारात मोजलेल्या उष्णतेवर काढावे, आणि ३०० किलोकॅलरींच्या पट्ट्याऐवजी प्रत्येक किलोकॅलरीमागे दर असावा, म्हणजे पट्ट्याच्या काठावर एका आकड्यासाठी होणारी ओढाताण संपेल. पाणी, राख आणि उष्णता यांची नोंद तीन स्वतंत्र रकान्यांत, खाणीत आणि केंद्रात अशी दोन्हीकडे व्हावी. वाटेतल्या पावसाचा दोष खाणीवर येऊ नये, आणि दगडाचा दोष पावसावर ढकलता येऊ नये. नमुना यंत्राने घ्यावा, त्रयस्थ संस्थेचे मानधन दोघांपैकी कोणाच्याही मर्जीवर नसावे, आणि राज्य वीज नियामक आयोगाने इंधन समायोजनाला मान्यता देताना रेकनिहाय आकडे लोकांसमोर ठेवायला लावावेत. वाटेत किंवा केंद्राच्या यार्डात होणारी चोरी आणि हेळसांड यांचा हिशेबही मग खाणीच्या माथी न बसता ज्याचा त्याला लागेल. यासाठी नवे तंत्रज्ञान शोधायचे नाही. यंत्रे, मानके आणि प्रयोगशाळा आपल्याकडे आहेत. भूगर्भाने आपल्याला राखेचा कोळसा दिला, त्यात कुणाचा अपराध नाही. पण किती उष्णतेचे पैसे आपण देतो आणि किती उष्णता आपल्याला मिळते, हे वीजबिल भरणाऱ्या माणसाला कळू नये, अशी व्यवस्था आपण चालू ठेवली आहे. ती बदलण्याची जबाबदारीही आपलीच आहे.